सिंधच्या खेड्यातलं काम आणि कचहरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिंधबद्दल लिहायला लागल्यापासून लोक मला इतिहासापेक्षा रोजच्या जगण्याबद्दलच जास्त विचारतात. ही माणसं उठतात कधी, राबतात कधी आणि एवढ्या गप्पांना यांना वेळ मिळतो कुठून? तेच प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून उत्तरं एका जागी ठेवली आहेत. सगळं पाकिस्तानातल्या सिंध प्रांताच्या खेड्यांबद्दल आहे. कराचीबद्दल नाही, आणि उल्हासनगरबद्दलही नाही (त्यासाठी प्र. १७ पाहा).

१. 'कचहरी' म्हणजे काय? कोर्टकचेरीशी काही संबंध?

शब्द तोच, पण सिंधीत तो वेगळ्या वाटेला लागला. आपल्याकडे कचेरी म्हटली की फायली, शिपाई आणि हेलपाटे आठवतात. सिंधी खेड्यात कचहरी म्हणजे निवांत बसून मारलेल्या गप्पा. 'रात्री कचहरी झाली' म्हणजे आठ-दहा माणसं खाटांवर बसली, चहा झाला, कालव्याला पाणी कधी सुटणार इथपासून कोणाची म्हैस आटली इथपर्यंत सगळं बोलून झालं, एखाद्याने सिंधी सूफी कवी शाह अब्दुल लतीफ भिटाईंचे बैत, म्हणजे दोहे, म्हटले आणि एकजण बसल्या बसल्या घोरायला लागला. सरकारी अधिकारी गावात येऊन गाऱ्हाणी ऐकतो त्या बैठकीला मात्र 'खुली कचहरी' म्हणतात, तेव्हा ऑफिसचा वास शब्दाला अजून थोडा येतोच.

२. ओताक म्हणजे आपली चावडी का?

नाही. चावडी गावाची असते, ओताक घराची. राहत्या घरापासून जराशी अलग, पुरुषांच्या बसण्याउठण्याची आणि पाहुण्यांना उतरवायची जागा. जुन्या वाड्याची ओसरी उचलून घराबाहेर नेऊन ठेवली, तर जे होईल ते. वडेऱ्याच्या, म्हणजे बड्या जमीनदाराच्या, ओताकीला व्हरांडा, पंखे आणि डझनभर खाटा असतात. गरिबाची ओताक म्हणजे छपराखाली दोन खाटा आणि पाण्याचा माठ. घरातल्या बायका तिथे येत नाहीत.

पण ओताक ही नुसती गप्पांची जागा आहे असं समजलात, तर पुढची सगळी उत्तरं चुकीची वाटतील. बियाण्याची उधारी तिथे ठरते, बैलाचा सौदा तिथे होतो, मतं कोणाला द्यायची हे तिथेच सांगितलं जातं. तपेदार, म्हणजे आपला तलाठी, गावात आला की तोही तिथेच टेकतो. 'इथे काम संपलं आणि इथे गप्पा सुरू झाल्या' अशी रेघ ओताकीत मारता येत नाही.

३. शेतकऱ्याचा दिवस कधी सुरू होतो, कधी संपतो?

उन्हाळ्यात पहाटेच्या अजानच्या आधी. कारण साधं आहे: ऊन. उत्तर सिंधमधलं जेकबाबाद हे जगातल्या सर्वांत उष्ण गावांपैकी एक आहे. मे २०२२ मध्ये तिथे पारा ५१ अंशांवर गेला होता, आणि मोहेंजोदडोला २६ मे २०१० रोजी ५३.५ अंश नोंदले गेले. अशा हवेत दुपारी शेतात उभं राहणं हे धाडस नव्हे, वेडेपणा आहे. त्यामुळे पहाटे ते साधारण दहा-अकरापर्यंत एक पाळी, मग जेवण आणि कडुनिंबाखाली किंवा ओताकीत आडवं होणं, आणि उन्हं कलल्यावर दुसरी पाळी. पाहणाऱ्याला दुपारी बारा वाजता खाटेवर पडलेला माणूस दिसतो. तोवर त्याचे सहा तास भरून झालेले असतात, हे दिसत नाही.

हिवाळ्यात सगळं उलटं. सकाळी शेकोटीभोवती उशिरापर्यंत चहा, काम दिवसा, आणि रात्री कचहरी लवकर जमते, लवकर मोडते. उन्हाळ्याच्या रात्री तिला अंत नसतो. वीज गेलेली असते, आत झोपवत नाही, खाटा अंगणात असतात. मग बोलायचं नाही तर करायचं काय?

४. वर्षातले कामाचे महिने कोणते आणि मोकळे कोणते?

सिंधचा नकाशा समोर घेतल्याशिवाय याचं उत्तर देता येत नाही, कारण तिथे पाऊस जवळजवळ नाहीच. शेती होते ती सिंधू नदीच्या पाण्यावर. १९३२ मध्ये सक्कर बॅरेज, म्हणजे नदीवरचा दारांचा बंधारा, सुरू झालं. ६६ दारं, ७ कालवे आणि सुमारे पाऊण कोटी एकर भिजवण्याची क्षमता. तेव्हा सिंध मुंबई इलाख्यात होता आणि बॅरेजला नावही मुंबईचे गव्हर्नर लॉइड यांचं दिलं होतं. पुढे १९५५ मध्ये कोटरीचं आणि १९६२ मध्ये गुड्डूचं बॅरेज आलं. कोणत्या कालव्यावर तुमचं शेत आहे, त्यावर तुमची फुरसत ठरते.

सिंधूच्या उजव्या काठाला लाडकाणा, शिकारपूरकडे भात. तिथला राइस कॅनॉल मुळात खरिपासाठीच आहे. जून-जुलैत लावणी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापणी, त्यानंतर बराच निवांतपणा. डाव्या काठाला सांघड, नवाबशाहकडे कापूस आणि गहू एकमेकांच्या शेपटीला बांधलेले. एप्रिल-मेमध्ये कापूस पेरायचा, जुलैपासून नोव्हेंबरपर्यंत वेचायचा, तो निघतो न निघतो तोच गव्हाची पेरणी, आणि मार्च-एप्रिलमध्ये गव्हाची कापणी. इथे मोकळा महिना असा सापडत नाही, मोकळे आठवडे सापडतात. त्यांतला हक्काचा काळ म्हणजे जानेवारी. सक्करची वार्षिक दुरुस्ती तेव्हा निघते, कालवे कोरडे पडतात, आणि पाणीच नाही म्हटल्यावर घाई कशाची?

उसाच्या पट्ट्यात गाळपाचे हिवाळी महिने धावपळीचे. मीरपूरखासच्या आंब्याचे मे ते जुलै. खैरपूरच्या खजुरीचे जुलै-ऑगस्ट: घड उतरवायचे, उकळायचे, वाळवून खारीक करायची. आपल्याकडे पूजेच्या ताटात येणारी खारीक एके काळी याच बाजूने येत असे.

जुनी माणसं हे सगळं देशी महिन्यांत मोजतात: चेट, वेसाख, जेठ, सावण, कती, पोह, मांघ. मराठी माणसाला भाषांतराची गरज पडू नये. 'कतीत गहू' असं म्हटलं, की आपला कार्तिक समजायचा.

५. शेतकरी रात्री दोन वाजता फावडं घेऊन निघाला असं ऐकलं. खरं?

अगदी खरं, आणि रोजच्या वेळापत्रकाला सुरुंग लावणारी हीच गोष्ट आहे. कालव्याच्या मोघ्यातून, म्हणजे पाणी सोडायच्या तोंडातून, येणारं पाणी पाळीपाळीने वाटून घेतात. या पाळीला वारो म्हणतात. तुमचा वारो रात्री दोन ते पहाटे पाच असेल, तर त्या तीन तासांत तुम्ही बांधावर असायलाच हवं, नाहीतर पाणी शेजाऱ्याच्या शेतात गेलं म्हणून समजा. चांगली रंगलेली कचहरी सोडून माणूस उठतो तो फक्त या पाण्याच्या पाळीसाठी, आणि त्याला कोणी 'बस की जरा' म्हणत नाही. आग्रहाला तिथे पूर्णविराम.

प्रवरेच्या किंवा नीरेच्या कालव्यावर आवर्तनाची वाट बघणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याचं दुःखही तेच: वर पाणी उपसलं जातं, खाली त्याचा वारो येतो पण पाणी येत नाही. मग तो रात्रभर जागतो ते काम म्हणावं की नुसती राखण, हे त्यालाही सांगता येणार नाही.

६. आठवड्याची सुट्टी शुक्रवारी की रविवारी?

पाकिस्तानात १९७७ पासून १९९७ पर्यंत सरकारी सुट्टी शुक्रवारी होती, त्यानंतर पुन्हा रविवारी आली. शाळामास्तर आणि कारकून सोडले तर खेड्यात दोन्हींचं फारसं अप्रूप नाही. म्हशीला रविवार नसतो. शुक्रवारी दुपारच्या नमाजासाठी माणसं आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून मशिदीत जातात, नंतर थोडं रेंगाळतात, संध्याकाळी परत शेतात. आणि गुरुवारची रात्र ही दर्ग्यांची रात्र. ज्याला जमेल तो जवळच्या पिराला जाऊन येतो.

७. मग सिंधी शेतकरी आळशी असतो हे इंग्रज लिहून गेले ते खोटं?

हा प्रश्न थोडे संकोचून विचारतात, पण विचारतात खूप जण. एकोणिसाव्या शतकातल्या गोऱ्या अधिकाऱ्यांनी तसं लिहिलं आहे खरं. मला त्यात निरीक्षण कमी आणि वेळापत्रकाचा घोटाळा जास्त दिसतो. बॅरेजच्या आधी सिंधची शेती पुराच्या कालव्यांवर होती. उन्हाळ्यात सिंधू फुगली की पाणी यायचं, ओसरली की संपायचं. त्या चार-पाच महिन्यांत माणसं मरमर राबत. साहेब मात्र दौऱ्यावर निघत ते थंडीत, हवा बरी असताना. तेव्हा त्यांना खाटेवर बसलेला शेतकरी दिसला. जूनमध्ये आले असते तर मत बदललं असतं, अर्थात साहेब शुद्धीवर राहिले असते तर.

शिवाय जो राबतो त्याला पिकाचा वाटा किती मिळतो, हे पाहिल्याशिवाय आळसाबद्दल बोलू नये. ते पुढच्या उत्तरात.

८. हा सगळा निवांतपणा कुळालाही मिळतो का, की जमीनदारालाच?

सरळ सांगतो: सिंधबद्दलच्या गोडगोड लिखाणात ओताकीची जी वर्णनं असतात, ती बहुतेक ओताकीच्या मालकाच्या खाटेवर बसून लिहिलेली असतात.

जमीन कसणाऱ्या कुळाला हारी म्हणतात. रीत बटईची. पीक निम्मं निम्मं, आणि त्याच्या निम्म्यातून आधी घेतलेली उचल वजा. वही ठेवतो जमीनदाराचा कमदार किंवा मुन्शी, आणि हिशेब होतो पीक निघाल्यावर. हारीला बहुधा लिहितावाचता येत नाही. कर्ज फिटेना की तो जमीन सोडून जाऊ शकत नाही, आणि जाऊ शकत नाही म्हटल्यावर त्याचा वेळ त्याचा उरत नाही. कमदाराचा निरोप आला की उठायचं. मग ते शेतातलं काम असो, वडेऱ्याच्या घरचं लग्न असो की ओताकीत पाहुण्यांना चहा देणं असो. तोही कचहरीत असतो, पण पुष्कळदा खाली जमिनीवर, आणि ऐकायला.

याविरुद्धची लढाई जुनी आहे. सिंध हारी कमिटी १९३० मध्ये निघाली, पुढे हैदर बख्श जतोई यांनी ती गावोगाव नेली. १९५० मध्ये कुळकायदा झाला, १९९२ मध्ये वेठबिगारी रद्द करणारा कायदा आला. कागदावर. नगरपारकरच्या कृष्णाकुमारी कोहली २०१८ मध्ये पाकिस्तानच्या सिनेटवर निवडून आल्या. लहानपणी त्यांच्या कुटुंबाला एका जमीनदाराकडे जवळजवळ तीन वर्षं वेठबिगार म्हणून डांबून ठेवलेलं होतं. दक्षिण सिंधमधले असे बरेच हारी कोल्ही, भील आणि मेघवाड आहेत, म्हणजे हिंदू. फाळणीत सिंधचे सगळे हिंदू इकडे आले ही आपल्याकडची समजूतही त्यामुळे दुरुस्त करायला हवी.

९. बायकांना फुरसत कधी?

कोणत्या घरची बाई, यावर अवलंबून आहे. बड्या जमीनदाराच्या किंवा सय्यदाच्या हवेलीतल्या बाईला वेळ पुष्कळ, पण उंबरा ओलांडायची सोय नाही. हारीची बायको शेतात, बाजारात, दर्ग्यात सगळीकडे जाते, पण तिला बसायला वेळ नाही. एकीकडे वेळ, दुसरीकडे मोकळीक. दोन्ही एकीच्या पदरात पडल्याचं मला तरी क्वचितच दिसलं.

हारणीचा दिवस म्हशीच्या दुधाने उघडतो. मग शेण, भाकरी, चारा कापणं, आणि जुलैपासून कापूस. सिंधमध्ये कापूस वेचणं हे जवळजवळ पूर्णपणे बायकांचं काम आहे. मजुरी मणावर, मण ४० किलोचा. लहान मूल बांधावर कापडाच्या झोळीत, मोठी मुलगी आईबरोबर ओळीत. २०१९ मध्ये सिंध विधानसभेने शेतमजूर बायकांसाठी स्वतंत्र कायदा केला. त्यात दिवसाला ८ तासांची मर्यादा आहे आणि बाळंतपणाची रजाही. शेतात तो पोचलाय का, असं पुढे कोणी विचारलं तर आपल्याकडच्या शेतमजूर बाईच्या किमान वेतनाची आठवण करून देतो आणि गप्प बसतो.

मग त्या बोलतात कधी? काम करतानाच. कापसाच्या ओळीत शेजारी शेजारी चालताना गावाच्या निम्म्या बातम्या फिरतात. दुपारी चार बायका एका रल्लीभोवती बसतात. रल्ली म्हणजे जुन्या कपड्यांचे रंगीत तुकडे जोडून शिवलेली गोधडी. मुलीच्या लग्नात द्यायच्या रल्ल्या वर्षं वर्षं शिवल्या जातात. पुरुषांच्या कचहरीत हात रिकामे असतात, बायकांच्या कचहरीत सुई चालू असते. हिशेबात मात्र रल्ली 'मोकळ्या वेळात केलेली' म्हणून धरतात.

१०. गावकरी एकमेकांच्या शेतात फुकट काम करतात का?

हो, याला वंगार म्हणतात. कापणी, घर शाकारणं, पाट साफ करणं अशा एकट्याच्याने न उरकणाऱ्या कामाला शेजारीपाजारी येतात, मालक पैसे देत नाही पण पोटभर जेवायला घालतो. आपल्याकडच्या इर्जिकेचीच ही सख्खी बहीण. ढोल, गाणी, एकमेकांची चेष्टा, कोण मागे पडला त्याची टिंगल. काम कमी आणि मौज जास्त वाटावी असा दिवस. मजुरीने कापणी आणि ट्रॅक्टर-थ्रेशर आल्यापासून ती कमी झाली, संपलेली नाही.

वंगार आणि बेगार यांत गल्लत करू नका. वंगारीत आज मी तुझ्याकडे, उद्या तू माझ्याकडे. बेगारीत उद्या कोणीही येत नाही. वडेऱ्याने 'वंगार आहे, या' असा निरोप धाडला, तर ती कोणती, हे गावाला बरोबर कळतं.

११. ऐन कापणीत पाहुणा आला तर?

कापणी थांबते. निदान एका माणसाची तरी. 'भली करे आया' म्हणून स्वागत होतं, खाटेवर रल्ली अंथरली जाते, आणि मग विचारपूस: खुश आहात? चांगले आहात? बालबच्चे खुश? म्हशी? पाऊसपाणी? हे उरकतं घेता येत नाही. पाहुण्याने आपला हाल-अहवाल सांगायचा, यजमानाने त्याचा. आल्या आल्या कामाचं बोलणारा माणूस उद्धट किंवा पोलीस समजावा.

पण गावानेही यावर तोड काढलेली असते. घरातला एखादा म्हातारा किंवा शेतात फारसा उपयोग नसलेला भाऊ ओताकीला नेमून दिल्यासारखाच असतो. पाहुण्याजवळ तो बसतो, बाकीचे 'आलोच' म्हणून शेतात पळतात आणि जेवायला परत येतात. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं हा माणूस दिवसभर काहीच करत नाही. वास्तविक घराची अब्रू त्याच्यावर सोपवलेली असते.

१२. कोणी वारलं तर काम किती दिवस बंद राहतं?

तीन दिवस तडो असतो. तडो म्हणजे चटई. ती अंथरून घरचे पुरुष बसतात, माणसं येतात, हात उचलून फातिहा म्हणतात, थोडं बसतात, जातात. बायकांचं बसणं घरात वेगळं. या तीन दिवसांत शेजारी जेवण पाठवतात आणि म्हशींची धार काढतात. सुतकी घराचा पाण्याचा वारो आला, तर भाऊबंदांपैकी कोणीतरी जाऊन भरून येतो.

अवघड भाग पुढचा आहे. गेलेला माणूस मोठा असेल तर तडो लांबतो. आणि तड्यावर न जाणं हा असा अपराध आहे, की लग्नाला न गेलेलं माफ होतं, हे होत नाही. भांडण असलं तरी जावं लागतं, किंबहुना भांडण असेल तर जास्तच. शहरात नोकरी करणाऱ्या सिंधी माणसाची रजा सर्वांत जास्त कशात जाते असं विचाराल, तर माझं उत्तर तडो.

१३. लग्नं आणि मेळे पिकाचा अंदाज घेऊन ठरतात का?

लग्नं हो. हातात पैसा पीक निघाल्यावर येतो आणि थंडीत वऱ्हाड जमवणं सोपं, त्यामुळे भात-कापूस निघाल्यावर लाडे, म्हणजे बायकांची लग्नगीतं, ऐकू यायला लागतात. मोहरममध्ये लग्न नाही.

उरुसांचं तसं नाही, आणि हा बारकावा मराठी वाचकाला सहज सुटतो. आपली आषाढी वारी अधिक महिन्यामुळे ऋतूला धरून राहते. पेरणी आटोपून शेतकरी निघतो. उरूस मुसलमानी हिजरी वर्षावर चालतात, आणि त्याला अधिक महिना नाही. सूफी संत लाल शहबाज कलंदरांचा सेहवणचा उरूस १८ शाबानला, शाह लतीफांचा भिटशाहचा १४ सफरला. दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकत सरकत साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतात. म्हणजे एकाच माणसाने उरूस भर कापणीतही पाहिलेला असतो आणि रिकाम्या दिवसांतही. कापणीत आला तर घरातले दोघे जातात, दोघे राहतात. पण मलाखडो असला तर राहणाऱ्यांचीही पंचाईत. मलाखडो म्हणजे सिंधी कुस्ती. कमरेला पिळलेलं कापड बांधतात आणि त्याला धरून एकमेकाला आपटतात.

याला अपवाद टंडो अल्लाहयारच्या रामापीराच्या मेळ्याचा. तो भाद्रपदातला, त्यामुळे ऋतू सोडत नाही. ध्वज घेऊन चालत येणारे कोल्ही, भील, मेघवाड हारी तिथे लोटतात. प्र. ८ मधल्या माणसांना स्वतःचे म्हणावेत असे वर्षातले हे थोडे दिवस.

१४. रमजान कापणीत आला तर कापणी कशी करतात?

रात्रीची आणि पहाटेची. सहरी, म्हणजे रोज्याआधीचं पहाटेचं जेवण, झाली की लगेच शेत, ऊन चढायच्या आत घरी, मग झोप. रोजा सोडल्यावर आणि तरावीहनंतर, म्हणजे रमजानमधल्या रात्रीच्या खास नमाजानंतर, कचहरी. ती सहरीपर्यंत चालू शकते. कडक उन्हात राबणारे मजूर काही रोजे सोडतात आणि नंतर भरून काढतात. त्यावर गावात कोणी उघडपणे बोट ठेवत नाही.

१५. थरच्या वाळवंटातही असंच असतं का?

जवळजवळ काहीच तसं नसतं. थरपारकरला कालवा नाही. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस झाला तर बाजरी, गवार, मूग. न झाला तर डुकार, म्हणजे दुष्काळ. पाऊस झाला की थरची माणसं परदेशातून आल्यासारखी घरी परततात, झोपडीवजा गोल चौंऱ्यांपुढे गाणी होतात, आणि तेच दिवस नांगरणीचे असल्यामुळे आनंद आणि कष्ट एकदम येतात.

मार्चमध्ये बरीचशी कुटुंबं शेळ्यामेंढ्यांसकट बॅरेजच्या भागात गव्हाच्या कापणीला उतरतात. धान्य हीच मजुरी. मराठवाड्यातले ऊसतोड कामगार डोळ्यापुढे आणा. या काळात त्यांचं सामाजिक जीवन गावात नसतं, रस्त्याकडेच्या तळावर असतं. उरलेल्या वर्षात बायकांचे कैक तास खोल विहिरींवर पाणी शेंदण्यात जातात. विहीर हीच त्यांची कचहरी, पण ती हौसेची नाही. अलीकडे थरमध्ये कोळशाच्या खाणी आणि २०१९ पासून त्यावरची वीजकेंद्रं सुरू झाली, आणि पहिल्यांदाच तिथे भोंग्याप्रमाणे पाळीला जाणारी माणसं दिसू लागली. काही थरी बायका खाणीत डंपर चालवतात.

मंछर तलावावरच्या मोहाण्यांचं, म्हणजे मासेमारांचंही गणित वेगळं: होडी हेच घर, हेच शेत. तलावात खारं सांडपाणी येऊन मासळी घटली, तसे ते होड्या सोडून काठावर मजुरीला लागले.

१६. तंटा सोडवायला बसलेली बैठक काम की गप्पा?

तिला फैसलो म्हणतात. वडेरो किंवा कबिल्याचा सरदार दोन्ही बाजूंचं ऐकतो, दंड ठरवतो. म्हशीने पीक खाल्लं इथपासून खुनापर्यंत. जमणाऱ्यांपैकी निम्मे पक्षकार, निम्मे निव्वळ प्रेक्षक, जेवण सगळ्यांना. वडेऱ्याला विचाराल तर हेच त्याचं मुख्य काम, आणि त्याची सत्ताही त्यातच. पण यांतल्या काही बैठकांनी मुलींना भरपाई म्हणून देण्यासारखे भयंकर निवाडे केले आहेत. २०१९ मध्ये पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा जिरग्यांना घटनाबाह्य ठरवलं. तरी बैठका होतातच. कोर्टाची तारीख लांबची, ओताक जवळची.

१७. माझे शेजारी उल्हासनगरचे सिंधी आहेत. त्यांना यातलं काहीच माहीत नाही. तुम्ही लिहिता ते खरं आहे ना?

खरं आहे, आणि त्यांचंही बरोबर आहे. १९४७-४८ मध्ये कल्याणच्या छावण्यांत आलेले, ज्यांच्या वस्तीला १९४९ मध्ये उल्हासनगर नाव मिळालं, ते बहुतेक हैदराबाद, सक्कर, शिकारपूर, कराचीसारख्या शहरांतले व्यापारी आणि नोकरदार होते. हारी आणि वडेरो त्यांनी दुरून पाहिले. पेढीचं वेळापत्रक शेताच्या वेळापत्रकापेक्षा पार निराळं. पण तुम्ही त्यांच्या घरी गेल्यावर आधी पापड-पाणी येतं आणि मग विचारपूस होते. प्र. ११ पुन्हा वाचा.

१८. मोबाइल आल्यावर कचहरी संपली का?

पातळ झाली म्हणा. तरुण मुलं ओताकीपेक्षा नाक्यावरच्या चहाच्या हॉटेलात बसतात, जिथे टीव्ही आहे आणि वडील नाहीत. शहरात गेलेले फेसबुकवर सिंधीत भांडतात, त्यालाही ते गमतीने कचहरीच म्हणतात. वारो आता फोनवर कळतो, त्यामुळे उगाच जागरण वाचलं. तड्याला मात्र फोन चालत नाही. जावंच लागतं.

१९. सिंधच्या खेड्यातल्या ओळखीच्या माणसाशी फोनवर बोलायचं असेल तर कधी करावा?

त्यांचं घड्याळ आपल्यामागे अर्धा तास आहे. उन्हाळ्यात आपल्या दुपारी बारा ते चार करू नका, तो झोपलेला असेल. रात्री नऊनंतर करा. रमजानमध्ये आणखी उशिरा. ओताकीत चार माणसं बसलेली असतील तर तो फोन त्या चौघांच्या हातात देईल, तेव्हा सगळ्यांची ख्यालीखुशाली विचारायची तयारी ठेवा, आणि तुमचं काम शेवटी सांगा.